जुना लोखंडी कठडा काढून देणारे: भंगारवाला, फॅब्रिकेटर की स्वतःचा ग्राइंडर?

गॅलरीचा जुना कठडा किंवा खिडकीचे गजाचे ग्रिल काढायचे ठरले की पुण्या-मुंबईत तीन पर्याय समोर येतात. एक म्हणजे ‘फुकटात काढून नेतो’ म्हणणारा भंगारवाला. दुसरा नाक्यावरचा फॅब्रिकेटर, म्हणजे लोखंडी ग्रिल-रेलिंग बनवणारा; त्याची नजर नव्या रेलिंगच्या कामावर असते. तिसरा लोखंड कापायचा चार इंची ग्राइंडर, भाड्याने किंवा विकत आणलेला. यांतला फॅब्रिकेटर सर्वांत बरा, पण एका अटीवर: काढण्याची मजुरी आणि लोखंडाची विक्री हे दोन सौदे त्याने वेगळे ठेवले पाहिजेत. दोन्ही एकत्र करून ‘त्यातच बसवून टाकू’ म्हणणाऱ्याकडे, मग तो फॅब्रिकेटर असो की भंगारवाला, काम बिघडण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्याचे कारण वजनाच्या हिशेबात आहे, म्हणून आधी तो करू.

टेप घेऊन दहा मिनिटे बसा. पट्टी किंवा चौकोनी गज असेल तर जाडी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करा, त्याला ७.८५ ने गुणा आणि १००० ने भागा. आले ते एका मीटरचे वजन किलोत. गोल सळईला व्यासाचा वर्ग भागिले १६२. हे सूत्र साइटवरच्या कुठल्याही सुपरवायझरला पाठ असते. जुन्या इमारतीतला दहा फुटी कठडा धरू. उभे गज १२ मिमी चौकोनी, ९० सेंटिमीटर उंच, चार-चार इंचांवर, म्हणजे २९ गज. खाली-वर २५ बाय ६ ची पट्टी आणि हात टेकायला ४० बाय ६ ची. गजांचे साडेएकोणतीस किलो, दोन पट्ट्यांचे सात, वरच्या पट्टीचे पावणेसहा. एकूण ४२ किलो. भंगाराचा भाव रोज हलतो, पण हिशेबासाठी किलोला ३० रुपये धरले तर हाती येतात १,२६० रुपये.

आता ‘फुकटात’ काढणाऱ्याच्या जागी उभे राहून बघा. दोन माणसांची अर्ध्या दिवसाची हजेरी, ग्राइंडरच्या चार-पाच चकत्या, तीन मजले उतरवणी, टेम्पोचे भाडे आणि वर त्याचा स्वतःचा नफा, हे सगळे त्या १,२६० मध्ये बसवायचे आहे. ते बसत नाही. मग तो वेळ वाचवतो, आणि वेळ वाचवायचा म्हणजे घण काढायचा.

कठड्याचे काही गज भिंतीत किंवा पॅरापेटमध्ये, म्हणजे गॅलरीच्या कडेच्या बुटक्या भिंतीत, तीन-चार इंच गेलेले असतात. होल्डफास्टचे, म्हणजे भिंतीत पुरलेल्या पकडपट्टीचे, आतले टोक माशाच्या शेपटीसारखे फाडून दोन्ही बाजूंना पसरवलेले असते, म्हणजे ते कधी ओढले जाऊच नये अशीच त्याची घडण आहे. त्यावर बाहेरून घणाचे दणके घातले की लोखंड हलते, पण त्याच्याबरोबर पॅरापेटची कड सुटते, खिडकीच्या ग्रॅनाइटच्या पट्टीला आडवी चीर जाते आणि आतल्या बाजूचा गिलावा थाळीएवढा फुगून पडतो. ग्रॅनाइटची एक पट्टी बदलायचा खर्च बहुतेक वेळा सगळ्या कठड्याच्या भंगारापेक्षा जास्त येतो. शिवाय काढून झाल्यावर भिंतीत इंच-दीड इंच बाहेर आलेले खुंट तसेच राहतात, कारण ते काढायला जितका वेळ लागतो तितक्या वेळचे लोखंड त्यात नसते. भंगारवाला यात लबाडी करतो असे नाही. त्याचा धंदा वजनाचा आहे; भिंतीची काळजी घ्यायचे पैसे त्याला कुणी दिलेलेच नसतात. सुटून पडलेले, कापून ठेवलेले लोखंड न्यायला त्याच्याइतका सोयीचा माणूस नाही. तेवढ्याच कामाला त्याला बोलवा.

फॅब्रिकेटरकडून लेखी काय घ्यायचे

‘जुने काढून नवे बसवणे, एकूण इतके’ असे एका ओळीचे कोटेशन घेऊ नका. त्यात चार गोष्टी वेगळ्या लिहून घ्या. काढणी किती रनिंग फूट आणि काय दराने. खुंट पृष्ठभागाच्या आत किती कापणार आणि भोके कशाने भरणार. उतरवणी कोण करणार, लिफ्टने की जिन्याने. आणि जुने लोखंड कोणाचे. या शेवटच्या मुद्द्यावर गप्प बसलात की लोखंड त्याचे झाले असे तो धरून चालतो. तो वजावट देत असेल तर वजन तुमच्यासमोर, भाव त्या दिवसाचा, आणि ती रक्कम मजुरीतून नव्हे तर शेवटच्या बिलातून वजा. या चार ओळी लिहून द्यायला जो कुरकुरतो त्याला काम देऊ नका.

चांगल्या फॅब्रिकेटरचे काम ओळखायची जागा म्हणजे कापायला सुरुवात करण्याआधीचा अर्धा तास. तो आधी कठड्याला काय-काय बांधले आहे ते सोडवतो: केबलच्या वायरी, डिशचा पाय, कपड्यांची दोरी, एसीची तांब्याची नळी. पोकळ पाइपच्या रेलिंगमध्ये दिव्याची वायर आतून नेलेली असू शकते, म्हणून बाहेरच्या दिव्याचा एमसीबी पाडतो. पाइप गॅसची नळी कठड्याजवळून जात असेल तर तिथे ठिणगी उडवायचीच नाही. तेवढा भाग हॅक्सॉने, हाताने. काचांवर आणि ॲल्युमिनियमच्या स्लाइडिंगवर ओले गोणपाट टाकतो. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापून पांढरे झालेले लोखंडाचे कण. ते काचेत रुततात आणि मग कुठल्याही पावडरीने निघत नाहीत. खाली गाड्या उभ्या असतील तर त्या हलवून घेतो, आणि खाली एक माणूस उभा करतो. कबुतरांची वाळलेली घाण असेल तर आधी पाणी मारून ओली करतो. ती सुकी झाडली किंवा तिच्यावर ग्राइंडर फिरला तर ती धूळ थेट छातीत जाते.

कापण्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो चुकला की अपघात होतो. प्रत्येक तुकडा तोडण्याआधी वरच्या पट्टीला दोन ठिकाणी दोर बांधून तो आतल्या पक्क्या आधाराला ताणून बांधायचा. दाराची कडी किंवा खिडकीचे हँडल हा पक्का आधार नव्हे. दाराच्या लोखंडी जाळीची चौकट किंवा आत आडवी अडकवलेली पहार चालते. मग वरची पट्टी, मधली, खालची अशा आडव्या पट्ट्या कापून दहा फुटांचे तीन तुकडे करायचे, पण उभ्या खांबांना, म्हणजे खाली भिंतीत गेलेल्या गजांना, अजून हात लावायचा नाही. प्रत्येक तुकडा आपल्या खांबावर उभा राहतो. सर्वांत शेवटी खांबाचा बुंधा, बाहेरच्या बाजूने पाऊण आणि आतल्या बाजूने उरलेला, म्हणजे तुकडा आतच कलतो. कापताना तुकड्याचे वजन काप मिटवते आणि चकती चिमटली जाते. ग्राइंडर हातात उसळतो तो त्यामुळे. म्हणून एकाने कापायचे आणि दुसऱ्याने तुकडा किंचित उचलून काप उघडा ठेवायचा. एकटा माणूस आला तर काम सुरू होऊ देऊ नका.

बुंध्याशी कापताना चकती फरशीला लागते. पत्र्याचा एक तुकडा खाली सरकवला की फरशी वाचते. एवढी साधी गोष्ट जो करत नाही त्याच्या हातून फरशीवर अर्धवर्तुळाचा काळा ओरखडा हमखास उमटतो.

अँकर बोल्टवर बसवलेल्या नव्या पद्धतीच्या रेलिंगचे काम बरेच सोपे आहे. एम-८ च्या नटाला १३ चा पाना, एम-१० ला १७, एम-१२ ला १९. नट गंजला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. तरी फिरला नाही तर नट उभा चिरा. बोल्ट ठोकून बाहेर काढायच्या फंदात पडू नका, तो आतून पसरलेला असतो. लाकडी चौकटीला स्क्रूने लावलेल्या ग्रिलचे दुखणे वेगळे. स्क्रूच्या खाचेत ऑइलपेंटचे चार-पाच थर भरलेले असतात. हॅक्सॉच्या पात्याने खाच साफ करा, मग स्क्रू ड्रायव्हर बसतो. आधी जोर लावला तर खाच फाटते आणि मग डोके ड्रिलने उडवण्यावाचून मार्ग नाही.

बाहेर आलेले बॉक्स ग्रिल मात्र पहिल्या मजल्याच्या वर असेल तर फॅब्रिकेटरला परांची किंवा झुल्याची व्यवस्था विचारा. आतून हात घालून ते निघत नाही, आणि निघालेच तर कुठे जाईल हे कुणाच्या हातात राहत नाही.

भिंतीतले खुंट

या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच, आणि दोन पावसाळ्यांनी तक्रार येते ती इथूनच. खुंट भिंतीला समपातळीत कापून वर व्हाइट सिमेंट फासले की दिसायला काम छान होते. पण लोखंड गंजते तेव्हा त्याचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. त्याला बाहेर पडायची वाट एकच, वरचा पातळ थर फोडून. आधी तपकिरी ओघळ, मग केसाएवढी चीर, मग रुपयाएवढी खपली. त्या चिरेतून पाणी आत जाते आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल धरते.

बरोबर पद्धत अशी. खुंटाभोवती दोन इंच चौरस आणि एक इंच खोल खड्डा छिन्नीने घ्यायचा. खुंट तळाशी, म्हणजे पृष्ठभागाच्या निदान २० ते २५ मिलिमीटर आत कापायचा. उघड्या टोकाला वायर ब्रश मारून झिंक किंवा एपॉक्सी प्रायमरचा हात. खड्डा धुऊन ओला करायचा, त्यात पॉलिमरचा (सिमेंटची पकड वाढवणाऱ्या द्रवाचा) हात मारायचा आणि नॉन-श्रिंक ग्राउट (वाळताना न आकसणारा माल) किंवा पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल दाबून भरायचा. साधा सिमेंटचा माल असेल तर सात दिवस पाणी. पीओपी किंवा पुट्टीने भोक भरणाऱ्याला तिथेच थांबवा: पीओपीतले जिप्सम ओल धरून ठेवते आणि खालचे लोखंड आणखी लवकर गंजते. नवे रेलिंग पुन्हा त्याच ठिकाणी बसवायचे असेल तर अँकरची भोके जुन्या खुंटापासून निदान चार इंच सरकवून घ्या, नाहीतर ड्रिल जुन्या लोखंडावर जाऊन घसरते आणि भोक तिरके होते.

खुंट मोजून, फोटो काढून कोटेशनला जोडा. दहा फुटी कठड्याला ते आठ ते बारा निघतात, आणि प्रत्येकाला वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात. फॅब्रिकेटरचा दर भंगारवाल्यापेक्षा जास्त का, याचे उत्तर या मिनिटांत आहे.

स्वतः कापायचे असेल तर

तळमजला, अंगण, कंपाउंडचे गेट, गच्चीच्या आत असलेली जाळी: इथे चार इंची ग्राइंडर स्वतः वापरायला हरकत नाही. बाहेर पोकळी असलेल्या गॅलरीचा कठडा स्वतः कापू नये, हे स्पष्टच सांगायला हवे. यंत्र ६०० ते ७०० वॉटचे पुरते. चकती १०५ मिमीची, १६ मिमी भोकाची. साध्या लोखंडाला १.२ मिमी जाडीची घ्या, स्टेनलेसला १ मिमीची. १२ मिमीच्या गजावर एक चकती १० ते १५ काप देते, म्हणून दहा फुटी कठड्याला, तीन फुटी तुकड्यांसकट, पाच-सहा चकत्या आणून ठेवा. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख असेल तर पाहा. जुनी, ओल लागलेली चकती फुटते. गार्ड काढून मोठी चकती बसवायची पद्धत बाजारात सर्रास दिसते. छोट्या यंत्राच्या वेगासाठी ती चकती बनलेली नसते, आणि फुटली तर तिच्या आणि चेहऱ्याच्या मध्ये काहीच उरत नाही. गार्डला हात लावू नका.

डोळ्यांना बंद गॉगल, वर चेहऱ्याची ढाल. हातमोजे घट्ट चामड्याचे. सैल सुती मोजा चकतीत ओढला जातो. वीज ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधूनच, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमधूनच, घ्या. पोकळ पाइपमध्ये वर्षानुवर्षांचे पावसाचे पाणी साठलेले असते आणि बुंध्याशी काप पडला की ते थेट यंत्रावर येते. आधी खाली ५ मिमीचे भोक पाडून पाणी वाहू द्या. आणि ४० मिमीचा पाइप चार इंची चकतीने एका बाजूने पूर्ण कापला जात नाही, वळसा घालून कापावा लागतो.

जुन्या रंगाबद्दल बेफिकीर राहू नका. घरगुती रंगातले शिसे दशलक्षात ९० भागांवर आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या कठड्यावर, विशेषतः खालचा थर शेंदरी प्रायमरचा असेल तर, शिसे आहे असेच धरून चाला. कापायच्या जागेवरचा रंग पाणी मारून ओला खरवडा, एन-९५ मास्क लावा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी घरात ठेवू नका. गॅस कटरने कापायला कुणी आला तर रंग जळून तो धूर नाकात जातो. गॅल्वनाइज्ड पाइप असेल तर जस्ताचा पांढरा धूर होतो आणि संध्याकाळी कापणाऱ्याला थंडी-ताप भरतो. राहत्या घरात गॅस कटर नकोच.

काम झाल्यावर लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळ्या फरशीवरून फिरवा, विशेषतः सांध्यांतून. राहिलेले कण पहिल्या ओलीत गंजतात आणि पांढऱ्या फरशीवर पिवळे ठिपके उठतात.

नुसत्या कापणीसाठी तासावर मिस्त्री पाठवणाऱ्या ॲपच्या सेवा टीव्ही-पडदे टांगण्यासाठी ठीक. त्या माणसाकडे दोर, दुसरा गडी आणि ग्राउट यांपैकी सहसा काही नसते.

विकताना

आधी लोहचुंबक लावा. चिकटले तर लोखंड. न चिकटले आणि हाताला जड असेल तर स्टेनलेस, अगदी हलके असेल तर ॲल्युमिनियम. स्टेनलेसमध्ये ३०४ आणि २०२ या दोन्ही ग्रेडना चुंबक चिकटत नाही, पण ३०४ मध्ये निकेल बरेच जास्त, म्हणून भावही जास्त. जुने बिल असेल तर ग्रेड त्यावर लिहिलेली असू शकते. ते शोधून ठेवा. लोखंड, स्टेनलेस, ॲल्युमिनियम यांचे ढीग वेगळे करा आणि वेगळे तोलून घ्या. ‘सगळे मिळून इतके’ म्हटले की चांगल्या धातूचे पैसे गेले.

गजांना चिकटलेले सिमेंटचे गोळे हातोडीने पाडून टाका. नाहीतर भंगारवाला ‘घट’, म्हणजे वजनातली कपात, धरतो आणि ती नेहमी खऱ्या वजनापेक्षा जास्त धरली जाते. तुकडे तीन फुटांचे करा: लिफ्टमध्ये मावतात, भिंतीला घासत नाहीत.

बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, नक्षीदार कठडा असेल तर वजनावर विकूच नका. जुने वाडे आणि चाळी यांत तो आढळतो. तुटलेल्या कडेला राखाडी, दाणेदार पृष्ठभाग दिसला आणि नक्षी साच्यातून निघाल्यासारखी एकसारखी असली की ते बीड समजा. त्यावर हातोडा मारू नका, ते वाकत नाही, तडकते, आणि तडकलेले साध्या वेल्डिंगने नीट जुळत नाही. बोल्ट असतील तिथे चिरा, अख्खे पॅनेल उतरवा. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार आणि ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार इथे अशा पॅनेलला नगावर भाव मिळतो. इमारत हेरिटेज यादीत असेल तर परवानगीशिवाय कठड्याला हात लावायचा नाही.

१२ मिमी भरीव गजाचे ग्रिलही, गंज वरवरचाच असेल तर, भंगारात घालण्याआधी एकदा विचार करा. त्याच्या जागी बाजारात मिळतो तो बहुधा सव्वा मिलिमीटर जाडीचा पोकळ चौकोनी पाइप. गावाकडचे घर, गोठा, विहिरीचा कठडा, कुठेही ते ग्रिल आणखी एक पिढी काढेल. नाहीच ठेवायचे तर ते वाया जात नाही एवढे खरे. असे भंगार जालन्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्यांत वितळून पुन्हा बांधकामाची सळई होऊन येते.

राडारोडा लोखंडाबरोबर जात नाही. छिन्नीने निघालेला माल १५-२० किलोच्या गोण्यांत भरा, त्याहून जड गोणी जिन्यात फाटते. मुंबईत महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. इतरत्र प्रभाग कार्यालयात विचारून गोण्या ठरलेल्या जागी द्या. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या गाडीत त्या घेत नाहीत.

शेवटचे, काटा. भंगारवाला हुकाचा इलेक्ट्रॉनिक काटा आणतो. त्यावर वैधमापन खात्याचा चालू शिक्का आहे का ते पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका. घरातला सील न तोडलेला सिलिंडर त्या हुकाला लावा. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर रिकामे वजन कोरलेले असते, १५.३ असेल तर त्यात १४.२ मिळवून काट्याने २९.५ दाखवायला हवे. अर्ध्या किलोच्या आत फरक असला तर तोलायला सुरुवात करा. दोनतीन किलो कमी दाखवले तर त्याला चहा पाजून परत पाठवा आणि दुसऱ्याला बोलवा. काटा बरोबर निघाला तर लोखंड जमिनीपासून पूर्ण सुटलेले आहे, त्याला कुणाचा पाय किंवा भिंत लागलेली नाही हे पाहून प्रत्येक खेपेचा आकडा स्वतः लिहा. बेरीज तुमच्या ४२ च्या आसपास यायला हवी. गंजाने गज झिजले असतील तर दोन-तीन किलो, इतकीच तूट धरा.